३३व्या वर्षी एमडी-पीएचडीला अर्ज करावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय ३३. शिवाजी विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी. मध्यंतरी पुण्यात एका संशोधन प्रकल्पावर काम, मग वडिलांच्या आजारपणामुळे कोल्हापूरला परत, आणि आता दूध संघाच्या प्रयोगशाळेत नोकरी. बायको शिक्षिका, मुलगी बालवाडीत. जनावरांना दिली जाणारी प्रतिजैविकं आणि माणसांच्या जंतूंमध्ये वाढत चाललेला प्रतिकार, यांचा आपल्या जिल्ह्यात काही धागा लागतो का, हे तुम्हाला शोधायचंय. न्यू जर्सीतली बहीण म्हणते, तिकडे एमडी आणि पीएचडी एकत्र होते, वय कुणी विचारत नाही, अर्ज टाक. इथले मित्र म्हणतात, नीट दे, आता वयाची अट उठलीय. आणि तुम्ही विचारताय: उशीर झालाय का, कुठे अर्ज करू, आणि त्यासाठी नोकरी आत्ताच सोडू का?

माझ्याबद्दल एवढंच, की मिरजेला एमबीबीएस झालो, पुढे सूक्ष्मजीवशास्त्रात एमडी केलं, आणि पीएचडी त्यानंतर, संसाराला लागल्यावर. काही वर्षं अमेरिकेत एका विद्यापीठात होतो. तिथे एमडी-पीएचडीच्या उमेदवारांच्या मुलाखती घ्यायला मलाही बसवायचे. आता कोल्हापुरात शिकवतो आणि पीएचडीचे विद्यार्थी घेतो.

वयाचं आधी उरकून टाकू. नीटला पूर्वी खुल्या प्रवर्गासाठी २५ वर्षांची मर्यादा होती. त्यावर बरीच कोर्टबाजी झाली आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ती काढून टाकली. आता फक्त किमान वय १७ उरलंय. अमेरिकेतही कमाल वयाची अट नाही. मुलाखतीत तिशी ओलांडलेले उमेदवार समोर यायचे आणि त्यांच्या वयावर मंडळात चर्चा झालेली मला आठवत नाही. झाली ती एकाच गोष्टीवर: या माणसाला दोन्ही पदव्या कशाला हव्यात? तुमच्या प्रश्नातही मला तेच अडतंय. तुम्ही वयाबद्दल भरभरून लिहिलंय, पण रुग्णाबद्दल एक ओळही नाही. जंतू आहेत, दूध आहे, प्रतिजैविकं आहेत, शेतकरी आहे. तुम्हाला वॉर्डात उभं राहून माणसं तपासायची आहेत, असं कुठेच म्हटलेलं नाही.

हे टोचण्यासाठी म्हणत नाही. एमडी-पीएचडी हा अभ्यासक्रम मुळात कुणासाठी आहे ते बघा. (तिथली एमडी म्हणजे साधारण आपली एमबीबीएस, डॉक्टरकीची पहिली पदवी.) अमेरिकेत सरकारी पैशातून तो १९६४ मध्ये सुरू झाला, एनआयएच या तिथल्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या अनुदानावर. जो माणूस आयुष्यभर रुग्णही बघणार आणि प्रयोगशाळाही चालवणार, तो तयार करायचा, हा हेतू. आधी दोनेक वर्षं वैद्यकीय शिक्षण, मग मध्ये पीएचडी, मग परत वॉर्डात, अशी साधारण आठ वर्षं जातात. त्या काळातली फी माफ आणि वर महिना विद्यावेतन. बहिणीला हे विद्यावेतनच दिसलं असणार, आणि त्यात तिचं चूक नाही. बाविशीतल्या मुलासाठी हा सौदा उत्तमच आहे.

पण ती आठ वर्षं संपली की रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं विशेष प्रशिक्षण, सुरू होते. संसर्गजन्य रोगांकडे जायचं तर आधी अंतर्गत वैद्यकाची तीन वर्षं आणि मग फेलोशिपची निदान दोन. आणि सुरुवातीला प्रवेश मिळवण्यातच दोन-तीन वर्षं जातील. ती कशी, ते सांगतो. बहुतेक अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयांना अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या महाविद्यालयात केलेला अभ्यास हवा असतो, कमीत कमी वर्षभराचा. आपली तीन वर्षांची बीएस्सी तिथे एकटी पुरत नाही. मग एमकॅट, म्हणजे तिथली वैद्यकीय प्रवेश परीक्षा. मग अर्ज, जो उन्हाळ्यात भरायचा आणि प्रवेश पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात. सगळं एका फटक्यात जमलं तरी स्वतःच्या सहीने औषध लिहून द्यायला लागाल तेव्हा चाळिशीच्या मध्यावर असाल, आणि स्वतंत्र प्रयोगशाळा मिळेपर्यंत पन्नाशी.

त्याहून मोठी अडचण व्हिसाची. त्या सरकारी अनुदानाचे पैसे फक्त नागरिकांना आणि ग्रीनकार्डधारकांना मिळतात. परदेशी विद्यार्थ्यांना स्वतःच्या पैशातून घेणारी खासगी विद्यापीठं आहेत, पण थोडी, आणि त्यांच्या दारात जगभरातली रांग. बहिणीने नागरिक म्हणून तुमच्यासाठी ग्रीनकार्डाचा अर्ज केला तरी भावंडांच्या वर्गवारीत भारतीयांना दशकाहून जास्त थांबावं लागतं. म्हणून 'वय कुणी विचारत नाही' हे बहिणीचं म्हणणं खरं असलं तरी तुमच्या कामाचं नाही. तिथे पासपोर्ट विचारतात.

तरीही तो अर्ज कसा वाचला जातो हे सांगतो, कारण त्याचा तुम्हाला इथेही उपयोग आहे. नेहमीच्या निबंधाशिवाय एमडी-पीएचडीवाल्यांना आणखी दोन लिहावे लागतात. एक, दोन्ही पदव्या का. दुसरा, आजवर केलेलं संशोधन. पहिल्याला तीन हजार अक्षरं, दुसऱ्याला दहा हजार. अक्षरांच्या या वाटणीवरूनच कळतं की वजन कशाला आहे. मी दुसरा निबंध आधी वाचायचो. त्यात लोक गाइडचं नाव, प्रयोगशाळेचं नाव, तंत्रांची यादी, शोधनिबंध कुठे छापून आला, हे सगळं लिहितात. मी शोधायचो ते एक वाक्य, जिथे प्रयोग फसला आणि मग या माणसाने स्वतःच्या डोक्याने काय केलं. मोठ्या वयाच्या उमेदवारांकडे ते वाक्य बहुधा असायचं. एक बाई आठवतात, बरीच वर्षं रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होत्या. रक्तात जंतू आहेत का हे बघायच्या बाटल्यांपैकी एका ठरावीक वॉर्डाच्या बाटल्याच सारख्या दूषित का निघतात, हे त्यांनी कुणी न सांगता महिनोन्‌महिने टिपून ठेवलं होतं. रजिस्टरची झेरॉक्स पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. शिफ्ट, वेळ, सुई कुणी टोचली, त्वचा कशाने पुसली, सगळे रकाने हाताने आखलेले. त्यांचं वय किती, हे नंतर कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

तुमच्या नोकरीत असं रजिस्टर तयार होऊ शकतं. त्याकडे येतो, पण आधी नीटचं.

नीटला दरवर्षी वीस लाखांहून जास्त मुलं बसतात. तुम्ही बारावीचं भौतिकशास्त्र शेवटचं कधी उघडलं होतं? समजा उघडलंत, वर्षभर झटलात, गुण मिळाले आणि सरकारी जागाही मिळाली. एमबीबीएस साडेपाच वर्षं, इंटर्नशिप धरून. ते पूर्णवेळच, कारण हजेरीची सक्ती आहे आणि नोकरी करत ते होत नाही. मग राज्य सरकारची एक वर्षाची बंधपत्रित सेवा. मग नीट-पीजी आणि एमडीची तीन वर्षं. मग पीएचडी. बोटं मोजलीत तर पीएचडी हातात येईपर्यंत वय ४७-४८ होतं, तेही मध्ये एकही वर्ष वाया न घालवता. सरकारी जागा नाही मिळाली तर अभिमत विद्यापीठात वर्षाची फीच वीस लाखांच्या घरात जाते. ते कर्ज कोण, कोणत्या वयात फेडणार? आणि एवढं करून एमबीबीएसच्या साडेपाच वर्षांत तुमच्या प्रश्नाला लागणारं काय शिकाल? शरीररचना, प्रसूती, अस्थिरोग शिकाल. जनुकक्रम वाचणं, साथरोगशास्त्राचं गणित, नमुने कसे निवडायचे, हे तिथे जेमतेम शिवतात. माझंही हे सगळं शिक्षण पीएचडीतच झालं.

ज्याला रुग्ण बघायचाच आहे, त्याच्यासाठी माझं उत्तर वेगळं असेल. ती ओढ असेल तर ३३ काय आणि ३८ काय, मी आडवा येणार नाही, फक्त पैशाचा हिशेब मांडायला लावेन. तुम्हाला ती ओढ आहे का, हे तुम्हीच सांगू शकता. पारख करायची असेल तर महिनाभर सुट्टीच्या दिवशी सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या, ओपीडीत कुणा ओळखीच्या डॉक्टरच्या परवानगीने मागे उभे राहून बघा. तिथली गर्दी, तेच तेच ताप-खोकला, नातेवाइकांचे तेच प्रश्न. एवढं बघूनही तिथून पाय निघेना, तर नीटचं पुस्तक घ्या.

हाच प्रश्न एखाद्या एमबीबीएस झालेल्या मेडिकल ऑफिसरने विचारला असता, तर मी सरळ संशोधनाकडे ढकललं असतं. त्यांच्यासाठी इथे वाटा आहेत. आयआयएससी (भारतीय विज्ञान संस्था) आणि आयआयटी मुंबईसारख्या संस्था एमबीबीएसवर पीएचडीला अर्ज घेतात. बंगळूरच्या आयआयएससीने तर २०२२ मध्ये ४२५ कोटींच्या देणगीवर स्वतःचं रुग्णालय आणि पदव्युत्तर वैद्यकीय शाळा जाहीर केली, तीच मुळी डॉक्टर-संशोधक घडवायला. अमेरिकेचा एमडी-पीएचडी मात्र त्यांच्या कामाचा नाही; वैद्यकीय पदवी आधीच हातात असलेल्याने तिकडे रेसिडेन्सी करावी किंवा नुसत्या पीएचडीला जावं.

आता तुमचं. तुम्हाला डॉक्टर व्हायची गरज नाही, डॉक्टर सोबत असायची गरज आहे. का, ते आमच्या विभागातली एक सकाळ सांगून दाखवतो. म्युलर-हिंटन अगारच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटा इन्क्युबेटरमधून बाहेर येतात. रेसिडेंट प्रतिजैविकांच्या चकत्यांभोवतीची मोकळी वर्तुळं पट्टीने मोजतो आणि मिलिमीटर रजिस्टरात उतरवतो. ई. कोलाय हा जंतू सेफोटॅक्सिमच्या चकतीला अगदी चिकटून वाढलेला, म्हणजे त्या औषधाला दाद न देणारा, दिसला तरी कुणी मान वर करत नाही, इतकं ते नेहमीचं झालंय. वरच्या मजल्यावर आयसीयूत त्या पेशंटला दोन दिवसांपूर्वीच मेरोपेनेम हे तगडं प्रतिजैविक सुरू झालेलं असतं, कारण रिपोर्टपर्यंत थांबायला सवड नव्हती. आता हा ई. कोलाय आला कुठून? पेशंट करवीर तालुक्यातल्या गावचा, घरी दोन म्हशी, त्यातल्या एकीला गेल्या महिन्यात कासदाह झाला होता आणि गावातल्या माणसाने सेफ्ट्रायॅक्सोनची इंजेक्शनं दिली होती. सेफोटॅक्सिम आणि सेफ्ट्रायॅक्सोन एकाच कुळातली. पण म्हशीचा हा तपशील केसपेपरवर कुठेच नसतो. विचारतच नाही कुणी. मी विचारला तरी मला पुढे काय करायचं ते कळणार नाही, कारण गोठा मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे.

औषधाच्या खोक्यावर लिहिलेले दिवस पुरे होण्याआधीच दूध डेअरीला घातलं जातं का, कोणत्या ऋतूत कासदाह वाढतो, दूध उतरवायच्या डॉकवर प्रतिजैविकाच्या अंशाची पट्टी कोणत्या गावाच्या दुधाला सारखी पॉझिटिव्ह येते, हे रोज तुमच्या हाताखालून जातं. आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) प्रतिकार-निगराणीचं जाळं २०१३ पासून चालू आहे, पण ते रुग्णालयांचं. गोठा आणि वॉर्ड एकाच नकाशावर आणणारी माणसं कमी आहेत. म्हणून तुमच्यासाठी सरळ वाट म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी, विद्यापीठातला एक मार्गदर्शक आणि वैद्यकीय महाविद्यालयातला एक सहमार्गदर्शक. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत बाहेरच्या संस्थेतला सहमार्गदर्शक चालतो. कोल्हापुरातच शिवाजी विद्यापीठ आहे, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, कसबा बावड्यात डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठाचं आंतरविद्याशाखीय संशोधन केंद्र आहे. घर न हलवता हे जमू शकतं, आणि तुमच्या वडिलांची तब्येत बघता तो मुद्दा छोटा नाही.

अर्धवेळ पीएचडीची सोयही त्याच नियमांत आहे, मालकाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. मुदत किमान तीन वर्षं, कमाल सहा. प्रवेश परीक्षेचं म्हणाल तर २०२४ पासून नेटमध्ये (राष्ट्रीय पात्रता परीक्षेत) फक्त पीएचडीसाठी पात्र ठरवणारा गटही आहे. त्याचे गुण वर्षभर चालतात आणि प्रवेशात परीक्षेला ७० टक्के, मुलाखतीला ३० टक्के वजन. जेआरएफचं (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीचं) वेतन आता महिना ३७ हजार, पुढे ४२ हजार, पण त्याला वयाची मर्यादा आहे. खुल्या प्रवर्गात असाल तर ती तुम्ही ओलांडलीत. सवलतीच्या प्रवर्गात असाल तर जाहिरातीतली जन्मतारीख आजच तपासा, पुढे हुकू शकते. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएचडी फेलोशिपही बघा. सारथीचं उपकेंद्र तर कोल्हापुरातच आहे. तुमचा प्रवर्ग तुम्ही लिहिलेला नाही, म्हणून यापुढे मला सांगता येत नाही.

मार्गदर्शक निवडताना दोन गोष्टी लोक विचारायला लाजतात, तुम्ही विचारा. जागा रिकामी आहे का? प्राध्यापकाला एका वेळी आठ विद्यार्थी, सहयोगीला सहा, सहायकाला चार, त्याहून जास्त घेता येत नाहीत. आणि निवृत्ती कधी? तीन वर्षांहून कमी राहिली असतील तर त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही, मग ते कितीही प्रेमाने 'या, बघू' म्हणोत. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना चहाला न्या आणि गाइड किती दिवसांत प्रकरण वाचून परत देतात तेवढंच विचारा.

उशिरा सुरुवात करणाऱ्यांना लोक यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचं नाव सांगतात. तुम्हीही बायोकेमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला फिस्के-सुब्बाराव पद्धतीने फॉस्फरस मोजला असेल, ते हेच. मद्रासला वैद्यकीय शिक्षण, मग बोस्टन, १९३० मध्ये हार्वर्डची पीएचडी, वयाच्या ३५व्या वर्षी. मला हे उदाहरण अर्धंच पटतं. बायकोला मागे ठेवून गेले ते भारतात परत आलेच नाहीत, आणि १९४८ मध्ये तिकडेच वारले. तुमच्या प्रश्नात बायको आणि मुलगी एका ओळीत उरकलीत. अर्ज करायच्या आधी ती ओळ मोठी करा. शनिवार-रविवार कोण बघणार, प्रबंध लिहायच्या वर्षी पगार निम्मा झाला तर काय, हे बायकोशी कागदावर मांडून बोला.

राहिला नोकरीचा प्रश्न. सोडू नका, निदान आत्ता तरी. त्या नोकरीतच तुमचं रजिस्टर आहे. पुढचे काही महिने डॉकवरच्या पॉझिटिव्ह पट्ट्यांचं गाव, तारीख, म्हैस की गाय, एवढं नीट टिपा. ही माहिती संघाची आहे, तुमची नाही, म्हणून वापरायची लेखी परवानगी आधी घ्या. नंतर मागितली की साहेब लोक बिचकतात आणि प्रबंध अडकतो. दूध चालेल, पण माणसाचा नमुना घ्यायचा झाला तर नैतिकता समितीची मंजुरी लागेल आणि ती वैद्यकीय महाविद्यालयातल्या सहमार्गदर्शकामार्फतच सोपी पडते. पुरेसं टिपून झालं की दोन पानांचं टिपण करा: काय दिसलं, काय कळत नाही, कळण्यासाठी काय लागेल. ते घेऊन मार्गदर्शकांकडे जा, नुसता बायोडेटा घेऊन नको. मला पाठवलंत तर वाचेन. लाल पेनने वाचतो, एवढं आधी सांगून ठेवतो.